बारा पाऊणे नऊ

सावेडी, अहिल्यानगर
माघ शुद्ध पंचमी

प्रिय मनकर्णा राधाकृष्ण खिलारी,

तुझे पूर्ण नाव लिहिले आणि पेन तिथेच थांबले. नावाआधी 'सौ.' लिहावे की 'कै.', याचा निर्णय मला करता येईना. रीत एक सांगते, मृत्यूचा दाखला दुसरे सांगतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे मी मायना चुकलेली पत्रे शेरा मारून परत पाठवली. आज माझ्याच पत्राचा मायना अपुरा आहे. तो तसाच राहू दे. तू हसशील, तर हसून घे.

प्रथम घरचे वर्तमान. मोटार चालू ठेवण्याची वेळ मी अजून पूर्वीचीच ठेवतो, त्यामुळे गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते. शेजारचे लोक दोनदा सांगून गेले. धरणातून किती पाणी सोडले आणि किती उरले याचे गणित मी आयुष्यभर केले, पण घरातले एक माणूस वजा करून टाकी किती वेळात भरते, हे मला अद्याप जमलेले नाही.

मार्गशीर्षात तुझ्या रतनबाईंचा दूरध्वनी आला. तू दरवर्षी कोकणात आठ दिवस जिच्याकडे खोली घेऊन राहायचीस, ती तुझ्या माहेरची ही शेजारीण मी आपल्या लग्नात एकदाच पाहिली होती, त्यामुळे आवाज ओळखू आला नाही. त्या म्हणाल्या, "भावोजी, खोलीचं छप्पर उतरवायचंय. ताईंचं सामान आहे, ते येऊन बघा. किल्ल्या तुमच्याकडेच असतील. आणि ताईंचं ते कधी करताय?" मी विचारले, "ते म्हणजे कोणते?" मग त्यांनी सांगितले की तुझी रक्षा खाडीत सोडावी, पाणमांजरांच्या फाट्याच्या तोंडाशी, भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागते त्या वेळी, अशी तुझी इच्छा होती. मी त्यांना म्हणालो की मला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या नुसते "बरं" म्हणाल्या. त्या एका 'बरं'ने पुढचे कित्येक दिवस माझे वर्तमानपत्रात लक्ष लागले नाही.

कारण जे व्हायचे ते तोपर्यंत होऊन गेले होते. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडण्याचा विधी झाला, धाकट्या भावाने, कल्याणने, गाडी तयार ठेवली होती, आणि आम्ही तुझ्या अस्थी प्रवरासंगमावर नेल्या. उरलेली रक्षा श्रीगोंद्याच्या शेतात खड्डा करून त्यात घातली आणि वर केशर आंब्याचे रोप लावले. आपल्याकडे हल्ली पुष्कळ जण असे करतात. सारे रीतसर झाले. फक्त पाणी चुकले. ते किती चुकले, हे मला इतरांपेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे. संगमावर दिसते ते पाणी वाहते नसते. तो जायकवाडी धरणाने अडवलेल्या पाण्याचा फुगवटा आहे. मार्च महिना होता, धरणाचे दरवाजे बंद होते. म्हणजे सहा महिने तू तिथेच थांबलीस. भाद्रपदात दरवाजे उचलल्याची बातमी वाचली, तेव्हा मी नकाशा काढून बसलो आणि तू कोणत्या दिवशी कुठे असशील ते पेन्सिलीने लिहीत गेलो. पैठण, मग नांदेड, मग तेलंगण, आणि शेवटी पूर्वेचा समुद्र. तुझी खाडी पश्चिमेला. पाणी आणखी कितीही वाहिले तरी ते तिकडे जाणार नाही. मधे सह्याद्री आहे.

मग एक उपाय सुचला. तो योग्य होता की नाही, ते मला अजून कळत नाही. मी शेतावर गेलो आणि आंब्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने माती उकरून तुझ्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात भरू लागलो. आपले शेत वाट्याने करणारा बिभीषण बांधावर उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "साहेब, कशाला कष्टी होताय? म्या दोन पाट्या श्यानखत घातलंय त्यात. वैनी म्हून तुमी म्हशीला घेऊन जाताल." मला राग आला आणि त्याच क्षणी हसूही आले. तू असतीस तर बांधावर बसून पोट धरून हसली असतीस. पण नंतर डबा मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा हा प्रश्न खरोखरच सुटेना. त्या मातीत तू किती, शेणखत किती आणि श्रीगोंद्याची काळी जमीन किती? असे पृथक्करण करून देणारी प्रयोगशाळा माझ्या माहितीत नाही. बिभीषण जरा वेळाने जवळ आला, स्वतः दोन मुठी खोलातून काढून डब्यात घातल्या आणि म्हणाला, "हितली घ्या. हितं खताचा हात गेला न्हाई. आन् गाडी मी चालवनार. तुमचं ध्यान न्हाई रस्त्याला."

आंबा घाटाच्या माथ्यावर मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. इथून मागे पडलेले पाणी बंगालच्या उपसागराला जाते आणि पुढे पडलेले अरबी समुद्राला, हे मी त्याला समजावून दिले. त्याने दोन्ही बाजूंना नीट पाहिले, आडोशाला जाऊन आला आणि म्हणाला, "माजं गेलं बगा साहेब कोकनात." बाकीचा घाट उतरेपर्यंत तो अधूनमधून स्वतःशीच हसत होता.

तुझी खोली पाहिली. खोली म्हणण्यापेक्षा, रतनबाईंच्या नावा ठेवण्याच्या पडवीला लागून घातलेली चार भिंतींची जागा. भिंतीला टेकून उभी केलेली ती केशरी कयाक, लांबट, निमुळती, दोन आसनांची. दोन वल्ही. खुंटीला दोन लाइफ जॅकेट. एक उन्हाने विटलेले, एक नवेकोरे. नव्याला हात लावावा असे वाटले नाही. टेबलावर मात्र एक वस्तू माझ्या ओळखीची होती: आमच्या कार्यालयाची जुनी पाणीपातळी नोंदवही. माझ्या सेवानिवृत्तीच्या वेळी कोऱ्या उरलेल्या दोन वह्या मी घरी आणल्या होत्या, त्यांतली ही एक. सरकारी नमुन्याचा असा वापर पाहून आधी मला रागच आला. दिनांक, पातळी, आवक, विसर्ग, शेरा, हे स्तंभ तू जसेच्या तसे ठेवले होतेस. पातळीखाली भरतीची वेळ. आवक: पाणमांजरे तीन. विसर्ग: तीन. शेरा: 'जाताना माझ्याकडे वळून पाहिले.' आवक: समुद्री गरुड एक, चोचीत मासा. विसर्ग: मासा निसटला. शेरा: 'गरुडाला लाज वाटल्यासारखे दिसले.' आठ वर्षांच्या आठ-आठ दिवसांच्या नोंदी. शाळेत जीवशास्त्र शिकवताना तू वर्ग हसवतेस अशी तक्रार मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे केली होती, ती आठवली.

वहीच्या पहिल्या पानावर तू लिहून ठेवले होतेस: 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. बाबांनी शिकवलेली पाऊणकी.' पाऊणकीचा पाढा मलाही प्राथमिक शाळेत छड्या खाऊन पाठ झाला होता, पण त्याचा समुद्राशी काही संबंध असतो हे श्रीगोंद्याच्या गुरुजींना कुठून ठाऊक असणार? आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पौष वद्य द्वादशी होती. मी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणून पाहिले: बारा पाऊणे नऊ.

सकाळी आठ वाजता रतनबाई पुढे आणि मी मागे असे बसणार होतो, पण त्यांनी मला पुढे बसवले. "मागचं आसन चालवणाऱ्याचं, भावोजी. ताई मागे बसायच्या. पुढं कोणी नसलं की नाव डोकं वर करते, म्हणून त्या पुढच्या आसनावर दगड ठेवायच्या." तो दगड अजून पडवीत आहे, मी पाहिला. आठ-दहा किलोचा असावा. मी निमूटपणे त्याच्या जागी बसलो. लाइफ जॅकेट नवेकोरे होते, तेच मला दिले. ते बरोबर बसले. त्याचे बंद माझ्या मापाला आधीच ओढून ठेवलेले होते की नवीन जॅकेट तसेच येते, हे मला विचारवले नाही.

मनकर्णा, मी आयुष्य पाण्याजवळ काढले आणि पाण्यावर कधी बसलो नव्हतो, हे मला त्या दिवशी कळले. काठावरून पाणी म्हणजे आकडा असतो. तिथे ते माझ्या कमरेच्या पातळीला होते आणि बाजूने श्वास घेत होते. कांदळवनाची झाडे गुडघ्यापर्यंत बुडालेली, त्यांची मुळे पाण्यातून बोटांसारखी वर आलेली. एका फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या बसला होता; तुझ्या वहीत तो 'मामलेदार' या नावाने सतरा वेळा आला आहे, म्हणून मी लगेच ओळखला. रतनबाईंनी वल्ह्याने दिशा दाखवली तेव्हा लांब वाकड्या चोचीचे सातएक पक्षी काठाच्या चिंचोळ्या पट्टीवर एकमेकांना खेटून उभे होते, पाणी उतरून जेवण उघडे पडण्याची वाट पाहत. कोणी कोणावर ओरडत नव्हते. आमच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारे शेतकरी इतके शांत मी कधी पाहिले नाहीत. उजव्या हाताचे मुख्य पात्र सोडून आम्ही एका अरुंद फाट्यात शिरलो. दोन्ही बाजूंच्या फांद्या वर मिळालेल्या, मधे हिरवा उजेड. तोच पाणमांजरांचा फाटा. त्याचे तोंड रतनबाईंनी आत शिरतानाच दाखवले होते, पण तिथे पर्यटकांच्या दोन नावा थांबल्या होत्या आणि मला लोकांसमोर डबा उघडायचा नव्हता. म्हणून आत जाऊन भरती पुरी होईतो थांबायचे आणि पाण्याबरोबरच तोंडाशी परत यायचे, असे ठरले.

आणि इथे माझी चूक झाली. नऊ वाजले. रतनबाई म्हणाल्या, "झालं, आता उतरणार. चला." मी म्हणालो, खात्री करू. मी एक काठी चिखलात रोवली, पाणी जिथे टेकत होते तिथे नखाने खूण केली आणि पातळी खरोखर खाली जाते का ते पाहत बसलो. धरणावर पातळी सलग तीन वाचनांत उतरल्याशिवाय ती उतरली असे आम्ही लिहीत नसू. पाणी उतरायचे ते कोणाच्या तरी सहीने उतरायचे; सही कधी झाली, दरवाजा किती उचलला, ते कागदावर असायचे. इथे कोणाची सही नव्हती. पहिले वाचन, दुसरे वाचन. रतनबाई दोनदा म्हणाल्या, "भावोजी, ही खाडी तुमच्या ऑफिसात येत नाही." मी तिसऱ्या वाचनासाठी थांबलो. खरे सांगायचे तर पातळी केव्हाच उतरली होती आणि मला ते दिसत होते. मला तोंडाशी जायचेच नव्हते. डबा मांडीवर होता आणि तो उघडण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे मला कळत नव्हते. मग कयाकच्या तळाला काहीतरी हळूच घासले, आम्ही जरासे डावीकडे कललो आणि रतनबाईंनी वल्हे आडवे ठेवून दिले. "झालं," त्या म्हणाल्या. "आता संध्याकाळी सात."

खाडीच्या चिखलात सात-आठ तास बसणे म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. वहीत अशा दोन नोंदी आहेत, शेरा 'मजा आली' असा आहे. पाणी गेले आणि जे मी रिकामे समजत होतो ते भरू लागले. चिखलात हजार भोके पडली. त्यांतून लाल खेकडे आले, एकच नांगी भली मोठी, आणि ती ते सारखी वर करून दाखवत होते, जणू प्रत्येकाला हरकत नोंदवायची होती. निवट्या बाहेर आल्या. मासा असून चिखलावर चालणारा, डोळे डोक्यावर ठेवलेला तो प्राणी कयाकपासून हातभर अंतरावर येऊन माझ्याकडे पाहत बसला. तो पाण्यातला की जमिनीवरचा, याचा निर्णय त्याने केलेला दिसत नव्हता, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही दिसत नव्हते. कालव्याच्या पाण्याची पाळी विचारावी तशी दूर काठावरून बिभीषणची हाक आली, "साहेब, आवर्तन संपलं काय?" थोड्या वेळाने पुन्हा, "ह्या पान्याला मालकच न्हाई व्हय? अर्ज कुनाकडं द्यायाचा?" रतनबाई मोठ्याने हसल्या. मग हसू ओसरल्यावर, माझ्या पाठीमागून, अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "ताईंनी मला सांगितलं होतं, भावोजी. म्हणाल्या, मी ह्यांना बोललेय. हो म्हणालेत." मी मागे वळलो नाही. कयाकमध्ये पुढच्या आसनावरून मागे वळता येत नाही, नाव कलंडते. ती चिखलात रुतलेली होती, कलंडली नसती, तरीही मी वळलो नाही.

दुपारी फाट्याच्या मधोमध पाण्याची एक रेघ तेवढी उरली, हातभर रुंद, पण वाहती. मी पाय बाहेर टाकला, गुडघ्यापर्यंत रुतलो, दुसरा टाकला. तसाच वाकून त्या रेघेपर्यंत गेलो. डबा उघडला. माती ओली करून थोडी थोडी सोडत गेलो. काळी माती त्या मातकट पाण्यात ओळखू येत नव्हती, तरी ती फाट्याच्या तोंडाकडे जात होती, पश्चिमेकडे, हे मी तीनदा नीट पाहिले. एक बगळा दोन पावले सरकला आणि त्याने आम्हाला वाट दिली. पाणमांजरे आली नाहीत. ती आली असती तर बरे झाले असते, असे लिहायचा मोह होतो, पण वहीत खोटी नोंद करू नये. आवक: काही नाही. विसर्ग: एक डबा. शेऱ्याची जागा मी कोरी ठेवली आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते लिहितो. मी रतनबाईंना सांगितले की मला काही ठाऊक नव्हते. ते खरे नाही. गेल्या माघात तू गच्चीवर तूर वाळत घालत होतीस आणि मी सावलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तू म्हणालीस, "अहो, मी गेले की मला तिकडे सोडा, पाणी उतरताना. संगमावर नको." मी पान न उलटता "हो" म्हणालो. ते मी ऐकले होते. शब्दन् शब्द ऐकला होता. तिसऱ्या दिवशी कल्याण म्हणाला, "दादा, संगमावर सांगून ठेवलंय, गुरुजी नऊला येतील," तेव्हाही तुझे ते बोलणे मला आठवत होते. मी "ठीक" म्हणालो. सगळे नातेवाईक उभे होते, आणि त्यांना मी आठ वर्षे सांगत आलो होतो की तू गुडघ्यांच्या उपचारासाठी कोकणात जातेस. साठीला आलेली माझी पत्नी एकटी नाव वल्हवते, हे मला त्यांच्यासमोर सांगावेसे वाटले नाही. दरवर्षी तू "येता का?" म्हणून विचारत असस आणि मी आवर्तनाचे कारण देत असे, निवृत्त असूनसुद्धा, हेही सांगावे लागले असते. पण केवळ लाज एवढेच कारण असते तर मी आज इतका गोंधळलेला नसतो. मनकर्णा, त्या सकाळी मला असे वाटले की तू माझ्या बाजूच्या पाण्यात राहावीस. जिथली पातळी मला माहीत असते, जिथले दरवाजे मला ठाऊक आहेत, जिथे तू कुठवर गेलीस ते मला पेन्सिलीने लिहिता येते. तुझ्या बाजूला मला काहीच लिहिता आले नसते. हे प्रेम होते की अधिकार, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. तू म्हणत असस की ह्यांना काही सांगायचे तर लेखी द्यावे लागते. म्हणून लेखी देतो: तू सांगितले होतेस, मी ऐकले होते, मी केले नाही. आता जे केले त्यात तू किती होतीस, ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सामान आवरले. कयाक, वल्ही आणि दोन्ही जॅकेट रतनबाईंकडे ठेवली. तो दगड मी स्वतः उचलून पुढच्या आसनावर ठेवला, आणि मग पुन्हा काढून पडवीत ठेवला. त्याची जागा कोणती, ते ठरवण्याचे काम माझे नव्हे. वही घेऊन आलो. रतनबाई म्हणाल्या, "छपराचं होऊ दे, एक किल्ली ठेवा तुमच्याकडे, याल कधी." मी ती ठेवून घेतली नाही, कारण तुझ्या खोलीत मी न विचारता बराच उशिरा आलो होतो. खिडकी लावली, दार ओढले, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या रतनबाईंच्या हातात परत दिल्या.

तुझाच,
राधाकृष्ण